पहारा चुकविणारी वाट

रायगडाच्या पायथ्याशीं राहणाऱ्या हिरकणी गवळणीची आख्यायिका आपल्या मुलखांत लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. गडावर दूध घालावयास गेलेल्या त्या बाईस परतावयास उशीर झाला आणि गडाचे दरवाजे बंद झाले. घरीं तान्हें मूल. इकडे दरवाजा उघडण्याचा पहारेकऱ्यांस हुकूम नाहीं. तेव्हां ती माउली काळोखांत एका तुटलेल्या कड्यावरून उतरून घरीं गेली. ही गोष्ट शिवाजी महाराजांच्या कानीं गेली, तेव्हां त्यांनीं तिचा गौरव केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधविला, असें सांगतात.

ह्या कथेंतील मातृप्रेम आपण नेहमींच वाखाणतों. आज तिच्याकडे किल्लेदाराच्या दृष्टीनें पाहूं. त्या रात्रीं गडाचे दरवाजे भक्कम होते, अडसर लागलेले होते, पहारेकरी जागे व इमानी होते. कोणतेंही कुलूप मोडलें नाहीं, कोणतीही किल्ली चोरीस गेली नाहीं. तरी एक व्यक्ति पहाऱ्याच्या नकळत गडाबाहेर पडली. आणि ज्या वाटेनें आंतलें माणूस बाहेर जातें, त्याच वाटेनें उद्यां शत्रु आंत आला तर काय, ही शंका किल्लेदारास आल्यावांचून राहत नाहीं. दरवाजा भक्कम असणें ही एक गोष्ट, आणि आंत जाणारी प्रत्येक वाट त्या दरवाजांतूनच जात असणें ही दुसरी गोष्ट होय. हा भेद ज्यास समजला, त्यास आजच्या काळांतील एक मोठें संकट समजण्यास अडचण पडणार नाहीं. तें संकट म्हणजे कारखाने, वीजकेंद्रें व पाणीपुरवठा ह्यांच्या यंत्रजाळ्यांत आढळणारीं, ओळखीची तपासणी चुकवूं देणारीं छिद्रें.

सकाळीं आपण नळ सोडतों आणि पाणी येतें. बटण दाबतों आणि दिवा लागतो. ह्या साध्या गोष्टींमागें केवढी व्यवस्था उभी असते ह्याची आपणांस क्वचितच जाणीव असते. टाकींत पाणी किती आहे, पंप केव्हां सुरू करावा, झडप किती उघडावी, हे निर्णय पूर्वीं माणूस तेथें उभा राहून घेत असे. आतां पुष्कळ ठिकाणीं हें काम ‘पीएलसी’ नांवाच्या लहानशा नियंत्रक संगणकाकडे सोंपविलेलें असतें. असे अनेक नियंत्रक, मोजमापाचीं यंत्रें आणि देखरेखीच्या खोलींतील संगणक एकमेकांशीं तारांनीं जोडलेले असतात. आणि ह्या तारा जेथें एकत्र येतात तेथें ‘स्विच’ नांवाची एक पेटी बसविलेली असते. हा स्विच म्हणजे दिव्याचें बटण नव्हे. पोस्टाच्या कचेरींत आलेलीं पत्रें पत्ता पाहून ज्या त्या खणांत टाकणारा जो कारकून असतो, त्याचें काम हा स्विच करितो. एका यंत्राचा निरोप आला कीं, पत्ता पाहून तो नेमक्या दुसऱ्या यंत्राकडे पोंचवितो. धूळ, उष्णता व हादरे सोसून वर्षानुवर्षें चालावी अशा रीतीनें ही पेटी घडविलेली असते.

आतां हा कारकूनच फितूर झाला तर काय होईल, ह्याचा विचार करा. तो पत्रें दडवून ठेवील, त्यांच्या नकला तिऱ्हाइताच्या हातीं देईल, एकाचें पत्र दुसऱ्याच्या खणांत टाकील. टाकी भरली असतांही भरल्याचा निरोप पंपापर्यंत पोंचणार नाहीं. म्हणून ह्या पेटीची आंतील मांडणी बदलण्याचा अधिकार कोणाच्याही हातीं जाऊं नये, ह्यासाठीं तिला एक दार ठेवलेलें असतें आणि त्या दाराशीं नांव व परवलीचा शब्द विचारला जातो. येणारा मनुष्य स्वतःस जो म्हणवितो तो खरोखर तोच आहे कीं नाहीं, हें पाहणें ह्यासच ओळख-तपासणी असें म्हणूं.

अशी तपासणी प्रारंभापासून होती असें मात्र नाहीं. इ. स. १९७९ मध्यें अमेरिकेंतील मॉडिकॉन कंपनीनें नियंत्रकांच्या परस्पर संभाषणासाठीं ‘मॉडबस’ नांवाची भाषा तयार केली. ती आजही जगभर वापरांत आहे. ह्या मूळ भाषेंत परवलीच्या शब्दास जागाच नाहीं. जो निरोप आला तो खरा आणि जो हुकूम आला तो पाळावयाचा, असा तिचा सरळ व्यवहार. ह्याबद्दल तिच्या कर्त्यांस दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. त्या काळीं ही तार कारखान्याच्या आवाराबाहेर सहसा जात नसे. आवाराची भिंत आणि फाटकावरचा दरवान हाच तिचा पहारा होता. पुढें कचेरींत बसून कारखान्याचे आकडे दिसावे, दूरच्या गांवाहून दुरुस्ती करतां यावी, ह्या सोयीसाठीं त्याच तारा कचेरीच्या जाळ्यास व तेथून कित्येक ठिकाणीं इंटरनेटास जोडल्या गेल्या. भिंत नाहींशी झाली. भाषा मात्र तीच राहिली.

भिंत नसली म्हणजे काय होतें ह्याचा धडा ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलँड प्रांतास इ. स. २००० मध्यें मिळाला. तेथील मरूची परगण्यांत मैलापाणी वाहून नेणाऱ्या पंपांस रेडिओवरून हुकूम दिले जात असत. ती व्यवस्था उभारणाऱ्या कंपनीचा एक माजी नोकर परगण्याच्या कचेरींत नोकरी न मिळाल्यामुळें रुष्ट झाला होता. मोटारींत संगणक व रेडिओयंत्र ठेवून तो पंपांस खोटे हुकूम देऊं लागला. हुकूम खऱ्या केंद्राकडून आला कीं दुसऱ्याच कोणाकडून, हें ओळखण्याची पुरेशी सोय त्या व्यवस्थेंत नव्हती. पंपांनीं ते हुकूम मुकाट्यानें पाळले. सुमारें ८ लक्ष लिटर मैलापाणी उद्यानांत व ओढ्यानाल्यांत पसरलें. त्या मनुष्यास पुढें दोन वर्षांची कैद झाली.

अशा प्रसंगांनंतर परवलीचे शब्द आले, कुलुपें आलीं. तथापि कुलूप आलें म्हणून प्रश्न सुटला असें नाहीं. परका मनुष्य आंत कसा शिरतो ह्याचे तीन प्रकार वेगवेगळे ओळखले पाहिजेत. कारण तिन्हींची औषधें निराळीं आहेत.

पहिला प्रकार चोरलेल्या किल्लीचा. ता. २३ डिसेंबर १९१५ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०१५ सालीं त्याच तारखेस युक्रेन देशांतील तीन वीज-कंपन्यांच्या सुमारें २ लक्ष २५ हजार ग्राहकांची वीज कित्येक तास बंद पडली. हल्लेखोरांनीं कपटाचीं पत्रें पाठवून नोकरांचे परवलीचे शब्द आधींच कांहीं महिने हस्तगत केले होते. कुलूप आपल्या किल्लीनें उघडलें. फक्त किल्ली दुसऱ्याच्या हातीं होती.

दुसरा प्रकार कधींच न बदललेल्या किल्लीचा. २०२३ च्या नोव्हेंबर महिन्यांत अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यांतील ॲलिक्विपा येथें पाण्याचा दाब राखणाऱ्या केंद्रांतील नियंत्रक परक्यांच्या ताब्यांत गेला, आणि कामगारांस तें केंद्र हातानें चालवावें लागलें. त्यानंतर तेथील सरकारी सुरक्षाखात्यानें जो इशारा काढला, त्यांत ह्या जातीच्या नियंत्रकांत कारखान्यांतून येतांना असलेला ‘११११’ हा परवलीचा शब्द बदलण्याविषयीं आवर्जून बजावलें होतें. नवें कुलूप आणावें आणि किल्ली त्यास लटकतीच ठेवावी, असा हा मासला.

तिसरा प्रकार आपल्या आजच्या विषयाचा. त्यांत किल्ली चोरावी लागत नाहीं, ओळखावीही लागत नाहीं. तपासणीसच वळसा घालून आंत जातां येतें. धनी कितीही सावध असो, त्यानें कितीही अवघड परवलीचा शब्द ठेवलेला असो, त्याचा येथें उपयोग होत नाहीं; कारण चूक त्याच्या वागणुकींत नसून यंत्राच्या घडणींत असते. म्हणूनच हा प्रकार अधिक भयंकर होय. अलीकडच्या वर्षांत उघडकीस आलेलीं तीन उदाहरणें घेऊन हें स्पष्ट करूं.

तैवानांतील मोक्सा ही कंपनी कारखान्यांसाठीं स्विच बनविते. तिच्या ‘ईडीएस-५०८ए’ नांवाच्या स्विचांत असलेलें एक छिद्र जानेवारी २०२५ मध्यें तिनें स्वतः जाहीर केलें. अशा छिद्रांची गंभीरता शून्यापासून दहापर्यंत गुण देऊन मोजतात, ह्यास ९.२ गुण मिळाले. पुढें त्याच कंपनीच्या वीजकेंद्रांत वापरल्या जाणाऱ्या कांहीं स्विचांतही तेंच छिद्र असल्याचें तिनें कळविलें. दोष असा कीं, ओळख तपासण्याची रीत पाहुण्याच्या बाजूस उघडी पडली होती. परीक्षेची उत्तरपत्रिका कशी तपासतात हें टिपण परीक्षकानें मुलांच्याच बाकावर विसरावें, तसें हें झालें. आंतल्या बाजूस दुसरी तपासणी होती. पण ती पुरेशी कणखर नव्हती. त्यामुळें एकामागून एक शब्द लावून पाहून खरा शब्द शोधणें, किंवा खोटा ठसा बनवून तोच खरा म्हणून दाखविणें शक्य होतें.

हा ठसा म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. परवलीचा शब्द आहे तसा तारेवरून पाठविला तर वाटेंत कोणीही वाचील. म्हणून गणिताच्या एका रीतीनें त्याचा ठसा काढून तो पाठविण्याची वहिवाट आहे. ठशावरून मूळ शब्द ओळखतां येऊं नये, आणि दोन भिन्न मजकुरांचा ठसा एकच येईल असे मजकूर कोणास मुद्दाम बनवितां येऊं नयेत, हे ह्या रीतीचे दोन प्राण. ‘एमडी-५’ नांवाची अशी एक रीत १९९१ सालीं निघाली. परंतु २००४ सालीं चिनी गणितज्ञांनीं एकच ठसा असलेले दोन भिन्न मजकूर बनवून दाखविले. तेव्हांपासून ती रीत विश्वासास अपात्र ठरली. मोक्साच्या स्विचांतील दुबळेपणाचा संबंध ह्याच जुन्या रीतीशीं होता. जाणत्यांनीं टाकून दिलेलें कुलूप वीस वर्षांनंतरही एखाद्या दारावर लटकत राहतें, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

दुसरें उदाहरण सिस्को ह्या अमेरिकन कंपनीच्या यंत्रांचें. ऑक्टोबर २०२३ मध्यें तिच्या यंत्रांतील एका छिद्रास दहापैकीं पुरे दहा गुण मिळाले, आणि तें दुरुस्त होण्यापूर्वींच जगभर हजारों यंत्रें परक्यांच्या हातीं गेलीं. रॉकवेल कंपनीच्या कारखान्यांसाठीं बनविलेल्या कांहीं स्विचांतही तीच प्रणाली असल्यानें तेही ह्या दोषाचे वांटेकरी झाले. येथील मर्म असें होतें. दाराशीं एक पहारेकरी आणि आंत एक कारभारी. येणाऱ्याच्या चिठ्ठीवरील पत्ता सांकेतिक अक्षरांत असतो; पहारेकरी तो एकदां उलगडून वाचतो आणि हा पत्ता मनाईचा नाहीं असें पाहून चिठ्ठी आंत सोडतो. आंतला कारभारी तोच पत्ता आणखी एकदां उलगडतो आणि मग तो मनाईच्या खोलीचाच निघतो! दोघेही आपापल्या जागीं नियमानें वागले. परंतु दोघांचें वाचन एक नव्हतें. एवढ्या फटींतून आलेला परका स्वतःच्या नांवें सर्वाधिकारी बनून बसला.

तिसरें उदाहरण रॉकवेल कंपनीच्या नियंत्रकांचें. तें फेब्रुवारी २०२१ मध्यें प्रसिद्ध झालें व त्यासही पूर्ण दहा गुण मिळाले. नियंत्रकानें केवळ आपल्याच कंपनीच्या कार्यक्रमाचे हुकूम पाळावे म्हणून एक गुप्त किल्ली योजिली होती. परंतु ती किल्ली त्या कार्यक्रमांतच ठेविलेली असल्यामुळें ज्यास कार्यक्रम मिळाला त्यास ती शोधून काढतां येण्याजोगी होती. आणि एकदां सांपडली कीं ह्या जातीच्या सर्व नियंत्रकांपुढें तीच चालणार. गांवांतल्या सर्व घरांस एकच कुलूप आणि त्याची किल्ली प्रत्येक भाडेकऱ्याच्या भिंतींत पुरलेली, अशी ही स्थिति होय.

हीं तिन्ही उदाहरणें एकत्र ठेवून पाहिलीं असतां एक नियम हातीं लागतो. ज्याच्याकडे रक्षणाची जबाबदारी आहे त्यानेंच तपासणी केली पाहिजे, ती स्वतःच्या बाजूस केली पाहिजे, आणि एकही वाट न वगळतां केली पाहिजे. पाहुण्याच्या हातीं दिलेली तपासणी ही तपासणी नव्हे. दोघांनीं दोन तऱ्हांनीं केलेली तपासणी ही अर्धी तपासणी होय. आणि सर्वांस एकच असलेलें गुपित हें फार दिवस गुपित राहत नाहीं.

छिद्र सांपडलें तर तें तत्काळ कां बुजवीत नाहींत, असें कोणी विचारील. घरचा मोबाइल रात्रीं झोपण्यापूर्वीं सुधारून घेतां येतो. पण पाणीपुरवठ्याचा पंप किंवा रसायनाची भट्टी मनास येईल तेव्हां थांबवितां येत नाहीं. शिवाय हीं यंत्रें पंधरा-वीस वर्षें चालतात. कित्येकांचे बनविणारे त्यांच्याकरितां सुधारणा काढणें सोडून देतात. म्हणून मुख्य उपाय आणखी साधे आहेत. अशीं यंत्रें इंटरनेटच्या हमरस्त्यावर उघडीं ठेवूं नयेत. कारखान्याचें जाळें कचेरीच्या जाळ्यापासून वेगळें राखावें. न लागणारीं दारें बंद करावींत. आपल्या आवारांत कोणकोणतीं यंत्रें आहेत ह्याची नोंद ठेवावी. आणि कोण केव्हां आंत आलें हें दप्तर कोणीतरी नियमानें वाचावें.

ह्यांत माणसाच्या हातचें काम किती आहे तें पाहण्यासारखें आहे. रॉकवेलच्या दोषावर सुचविलेल्या उपायांपैकीं एक असा होता कीं, नियंत्रकावरील फिरवावयाची खरीखुरी चावी ‘चालू’ ह्या खुणेवर ठेवावी. म्हणजे दुरून आलेला बदलाचा हुकूम तो मानणार नाहीं. ह्या लहानशा चावीचें महत्त्व सौदी अरेबियांतील एका खनिज-तेलरसायनाच्या कारखान्यांत २०१७ सालीं दिसून आलें. तेथें अपघाताच्या वेळीं सर्व कांहीं सुरक्षितपणें बंद पाडणारे जे विशेष नियंत्रक होते, त्यांच्यावरील चावी ‘बदल करा’ ह्या खुणेवर राहून गेली होती, आणि हल्लेखोर दुरून त्यांच्यांत शिरले. सुदैवानें हल्लेखोरांच्या कामांत चूक राहून नियंत्रकांनीं कारखानाच बंद पाडला, आणि त्यामुळें कट उघडकीस आला. ज्या यंत्रांवर माणसांचे प्राण अवलंबून, त्यांचा पहारा चावीच्या एका वळणावर येऊन ठेपला होता! युक्रेनमध्यें तर दूरचे हुकूम पोंचविणारीं यंत्रेंच हल्लेखोरांनीं निकामी केलीं, तेव्हां कामगार मोटारींत बसून एकेका वीजकेंद्रांत गेले आणि हातानें खटके लावून त्यांनीं प्रकाश परत आणला. हातानें काम करण्याची विद्या ज्यांनीं टाकली नव्हती, त्यांच्यामुळें ती रात्र निभावली.

आतां महाराजांनीं हिरकणीस शिक्षा केली नाहीं, गौरव केला, ह्या आख्यायिकेंतील भागाकडे वळूं. जी वाट तिनें उघडकीस आणली ती तिनें निर्माण केलेली नव्हती. कडा तेथें आधींच होता. आजही छिद्रें शोधणारे पुष्कळ अभ्यासक आपला शोध प्रथम गुपचुप कंपनीस कळवितात, दुरुस्तीस वेळ देतात, आणि मग तो सर्वांच्या माहितीसाठीं प्रसिद्ध होतो. प्रत्येक छिद्रास क्रमांक देण्याची ‘सीव्हीई’ नांवाची वहिवाट १९९९ पासून चालू आहे. आपल्या देशांतही ‘सर्ट-इन’ ही सरकारी संस्था २००४ पासून असे इशारे देत आहे. उलट, परक्याच्या दारावर त्याच्या परवानगीवांचून हात टाकून पाहणें हा शोध नव्हे, गुन्हा आहे. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याप्रमाणें अप्रामाणिकपणें अथवा कपटानें असें कृत्य करणारास तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. विद्यार्थ्यांनीं हा भेद ध्यानांत ठेवावा. बुद्धि दोघांचीही सारखीच तल्लख असेल; पण एकाच्या बुद्धीनें बुरूज उभा राहतो आणि दुसऱ्याच्या बुद्धीनें गांवाचें पाणी नासतें.

पालकांसही एक विनंति आहे. इंटरनेटासाठीं आपल्या घरीं जी लहान पेटी भिंतीवर टांगलेली असते, ती ह्याच कुळांतली. तिच्यावर छापून आलेला परवलीचा शब्द बदलला आहे काय, आणि कंपनीनें पाठविलेली सुधारणा तिच्यांत घातली आहे काय, हें मुलांस बरोबर घेऊन एकदां पाहावें. उद्यां ह्याच मुलांपैकीं कोणी वीजकेंद्रांत, कोणी जलखात्यांत, कोणी कारखान्यांत कामास लागेल, आणि एखाद्या रात्रीं एका चावीची खूण बरोबर आहे कीं नाहीं हें पाहण्याचें काम त्याच्याकडे येईल. तें त्यानें कंटाळा न करितां पाहावें, एवढी संवय त्यास घरींच लागली तर पुष्कळ झालें.